घडीतली ओळ

अर्जुनी मोरगाव तालुक्यात नवेगाव बांधच्या जंगलाला टेकून एक गाव आहे. गाव गोष्टीतलं, माणसंही गोष्टीतलीच, म्हणून कोणालाच नाव देत नाही. कागद मात्र खरे. तसे कागद गोंदिया जिल्ह्यातल्या जुन्या घरांत, पत्र्याच्या पेट्यांत आजही पडून आहेत, आणि दर पावसाळ्यात त्यांतले थोडे वाळवीच्या तोंडी जातात.

या गावच्या ग्रामसभेनं सामूहिक वनहक्काचा दावा करायचं ठरवलं. कायदा २००६ चा. त्याच्या तिसऱ्या कलमात गावाचा निस्तार हक्क नाव घेऊन मान्य केला आहे. चुलीला जळतन, नांगराला लाकूड, भिंतीला माती, गुरांना चराई, म्हणजे गाव जगायला जे जे लागतं ते निस्तारात येतं. हक्क पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे हे प्रत्येक गाव सांगतं. सांगण्याबरोबर कागद जोडता आला तर दाव्याला बळ येतं.

आणि कागद होता. जुन्या पाटलाच्या घरी, लाल फडक्यात बांधलेला. हा मुलूख पूर्वी मध्य प्रांतात होता, मालगुजारीचा. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली, जंगल आणि पडीत जमीन सरकारकडे गेली, आणि मग गावाला त्यातून काय घेता येईल हे लिहून ठेवणं भाग पडलं. ते लिहिणं म्हणजे निस्तार पत्रक. पाणी, वाट, मासेमारी यांच्या रूढी वाजिब-उल-अर्जात लिहिल्या गेल्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ साली आली, तिनंही हे दोन्ही कागद नावानिशी कायम ठेवले. पाटलाच्या पेटीतली नक्कल त्या पन्नासच्या दशकातली होती. छापील रकाने, त्यांत टाकानं लिहिलेला मजकूर, खाली शिक्का. चार घड्या घातलेली सहा पानं.

वनहक्क समितीच्या सचिव असलेल्या काकूंनी ती सहा पानं गावातल्या सेवा केंद्रावर नेली. केंद्र चालवणारा पोरगा हुशार आणि मनाचा चांगला. कोणाचा पीक विमा, कोणाचा उत्पन्नाचा दाखला, दिवसभर रांग असायची, पण म्हाताऱ्या माणसाला त्यानं कधी दुसऱ्या दिवशी ये म्हटलं नाही.

‘‘बाबू, हे टाइप करून पाहिजे. तालुक्याला लोकं म्हणतात, वाचता येत नाही.’’

‘‘टाइप कायले करता काकू? फोटो काढतो, मशीन वाचते.’’

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. कागदाच्या चित्रातून अक्षरं ओळखणारे प्रोग्रॅम आज फुकट मिळतात आणि मराठीही वाचतात. त्यांतला टेसरॅक्ट हा ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत १९८५ च्या सुमारास सुरू झाला, २००५ साली सर्वांसाठी खुला झाला आणि पुढे गूगलनं वाढवला. असा प्रोग्रॅम आधी पान निव्वळ काळं-पांढरं करतो, मग ओळी शोधतो, मग ओळीतली अक्षरं. आपली अक्षरं शिरोरेषेला टांगलेली, वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं; म्हणून देवनागरी वाचायला यंत्राला बरीच वर्षं जड गेली. आता स्वच्छ छापलेलं मराठी पुस्तक तीनशे डीपीआयवर नीट स्कॅन केलं तर थोडक्याच चुका राहतात. ही साधी सोय नाही. ज्या जिल्ह्यात जातीच्या दाखल्यासाठी माणसाला पणजोबाची कोतवाल पंजीतली नोंद शोधत फिरावं लागतं, तिथं शोधता येणारा मजकूर म्हणजे गरिबाची मजुरी बुडण्यापासून वाचली.

पण पटवाऱ्याचं हस्ताक्षर म्हणजे छापील पुस्तक नव्हे. पोरानं ट्यूबलाइटखाली मोबाइलनं फोटो काढले. रकान्यांची छापील नावं बरोबर आली, हातानं लिहिलेल्या जागी नुसता अक्षरांचा भुगा. म्हणून त्यानं दुसरा, नवा प्रोग्रॅम लावला. तो हस्ताक्षरही वाचतो, आणि जिथं अडतो तिथं मागचं-पुढचं पाहून वाक्य जुळवून देतो. तासाभरात सहा पानांचा मजकूर पडद्यावर आला. सरळ, वाचनीय, पूर्णविरामांसकट. पोरानं तो छापला, काकूंनी ग्रामसभेत दाखवला, लोकांनी हातोहात फिरवला. इतकी वर्षं ज्या कागदाकडं नुसतं पाहून हात जोडले, तो आज सातवीतल्या मुलीनं घडाघडा वाचला. गावाला आनंद झाला, आणि तो आनंद खराच होता.

दावा लिहिला गेला. शिवेला लागून असलेल्या गावांना कळवलं गेलं. आठवड्यानं शेजारच्या गावची पाच-सहा माणसं आली, त्यांच्यात एक आजी.

जंगलात शिरताना दोन गावांच्या मध्ये एक बोडी, म्हणजे छोटा तलाव, आहे. आजीचं म्हणणं एवढंच, की आमची गुरं त्या बोडीवर पाणी प्यायला येत होती, वाट तुमच्या पडीतातून होती, ते तुमच्या दाव्यात कुठं आहे?

इकडच्या तरुणांनी छापलेलं पान पुढं केलं. ‘‘आजी, पाहा. सगळं लिवलं आहे. तुमच्या गावाचं नावच नाही.’’

‘‘नाव नाही कसं? माया सासऱ्यानं सांगतलं, कागदात आहे म्हणून.’’

‘‘सासऱ्यानं सांगतलं ते खरं, का कागद खरा?’’

आवाज चढले. शेजारच्या गावचा एक जण म्हणाला, तुम्हीच नाव खाल्लं. इकडच्याला ते झोंबलं. खोटं कोणीच बोलत नव्हतं. आजी आठवणीतलं सांगत होती, पोरं पानावरचं दाखवत होती, आणि दोन गावांत भांडण उभं राहत होतं.

माजी कोतवाल कोपऱ्यात बसून होते. गाव त्यांना आबाजी म्हणे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण चाळीस वर्षं गावाचं दप्तर त्यांच्या खांद्यावरून तालुक्याला गेलेलं. त्यांनी छापलेलं पान हातात घेतलं, बोटांनी चाचपलं आणि पोराला विचारलं, ‘‘याची घडी कोठी आहे गा?’’

‘‘घडी? हे तर नवीन पान होय आबाजी.’’

‘‘तेच म्हणतो. जुन्या पानाले मधात घडी होती. घडीवर काय होतं?’’

कोणालाच सांगता येईना. फडकं सोडलं, तिसरं पान काढलं. मधली घडी तपकिरी पडून झिजली होती. वरून उजेड पाडला तर डागाशिवाय काही दिसेना. आबाजींनी दार लावून घ्यायला सांगितलं आणि मोबाइलची बॅटरी पानाच्या कडेला, अगदी आडवी धरायला लावली. टाकाचं टोक कागदात रुततं. शाई उडाली तरी खाच राहते, आणि तिरप्या उजेडात खाचेची सावली पडते. काकूंनी भिंग धरलं. घडीच्या रेघेवर, बाकीच्या ओळींपेक्षा बारीक, थोडी तिरपी अशी एक ओळ होती. मागाहून घातलेली, बाजूला सही. शेजारच्या गावाचं नाव आधी सापडलं. मग ‘गुरांस’. मग ‘बोडीचे पाण्यापर्यंत’. मग दोन शब्दांची जागा, जिथं कागदच झिजून गेला होता. आणि शेवटी ‘वहिवाट आहे’.

आजी काही बोलली नाही. पोराचा चेहरा उतरला.

अशी तरतूद काही नवलाची नाही. एका गावाची पडीत जमीन गुरांना पुरत नसेल तर शेजारच्या गावच्या पडीतात चराईचा हक्क देता येतो, हे आजच्या महसूल संहितेतही लिहिलेलं आहे. बोड्या, तलाव आणि धानाच्या बांध्यांच्या या प्रदेशात पाणी एका गावाच्या शिवेत आणि तहान दुसऱ्या गावाची, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. ती तडजोड कोणा पटवाऱ्यानं बारीक अक्षरात ओळींच्या मधे लिहून ठेवली. यंत्र ओळी शोधतं तेव्हा सारख्या अंतराच्या, सारख्या उंचीच्या पट्ट्या शोधतं. तिरपी, पुसट, घडीच्या डागात बुडालेली रेघ त्याच्या हिशेबी कचरा. ती त्यानं टाकली, आणि टाकली म्हणून कुठं खूण ठेवली नाही. नव्या पानावर आधीची ओळ आणि नंतरची ओळ एकमेकींना भिडल्या.

मला या सगळ्यात हीच गोष्ट फार महत्त्वाची वाटते. जुना कागद फाटला तर फाटलेला दिसतो, कुरतडला तर कडा दिसतात, वाचणारा हात सावध होतो. नव्या मजकुरात ते काहीच उतरत नाही. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाला आढळलं, की झेरॉक्स कंपनीच्या काही स्कॅनरमधून बांधकामाचा नकाशा काढला तर तीन वेगवेगळ्या खोल्यांचं क्षेत्रफळ एकच छापलं जातं. फाइल लहान करण्यासाठी यंत्र सारखे दिसणारे आकडे एकमेकांच्या जागी चिकटवत होतं. सहाचा आठ झाला तरी आकडा सुबक, ठसठशीत. अंधूक आला असता तर कोणीतरी तपासला असता. कंपनीलाही पुढं दुरुस्ती पुरवावी लागली. शंका यंत्रालाही असते, हे फार थोड्यांना माहीत असतं. टेसरॅक्टसारखा प्रोग्रॅम प्रत्येक शब्दाला आपली खात्री शंभरापैकी किती, हा आकडा आतल्या आत देत असतो. आपण फक्त मजकूर उचलतो. शंकेचा आकडा तिथंच राहतो.

दुसऱ्या दिवशी पोरगा केंद्र बंद ठेवून आबाजींच्या ओसरीवर गेला.

‘‘आबाजी, बाकीचं तरी बरोबर आहे का?’’

‘‘मले दिसत नाही गा. तू वाच, मी आयकतो. पण त्याइलेबी बोलाव.’’

‘‘कोणाले?’’

‘‘बोडीपलीकडच्याइले. आपणच वाचलं, आपणच आयकलं, तं त्याचा काय उपेग?’’

काकूंना ते पटलं. वनहक्काच्या नियमांतही हेच आहे. एकच जंगल दोन गावं वापरत असतील तर बाराव्या नियमाप्रमाणे दोन्ही गावांच्या समित्यांनी एकत्र बसून वहिवाट कशी होती ते पाहायचं आणि आपापल्या ग्रामसभेला लेखी द्यायचं. आणि कागद जमलेल्या लोकांसमोर मोठ्यानं वाचायची रीत तर आपल्याकडं कायद्याहून जुनी. सातबारे संगणकावर चढवल्यावर २०१७ साली महाराष्ट्रभर चावडी वाचन झालं ते याच कारणानं. कोणाचं क्षेत्र कमी लागलं, कोणाचं नाव चुकलं, हे पडद्याला कळत नव्हतं, चावडीत बसलेल्याला कळत होतं.

समाज मंदिरात चटया पडल्या. शेजारचे आले, आजीही आली. काकू जुन्या पानावरून वाचत, पोरगा छापलेल्या पानावर बोट ठेवून बसला, आणि दोन्ही गावचे म्हातारे ऐकत. पहिल्या पानावरच थांबावं लागलं. छापलेल्या पानावर होतं, ‘गुरांचे अखेर खसरा नंबर ९६’.

‘‘गुरांचे अखेर म्हणजे?’’ काकूंनी विचारलं.

‘‘आखर होय ते, आखर!’’ दोन म्हातारे एकदमच बोलले. सकाळी रानात जायच्या आधी गावची गुरं जमतात ती जागा. यंत्राला आखर ठाऊक नव्हतं, अखेर ठाऊक होतं, त्यानं आपल्या ओळखीचा शब्द लिहिला. आणि ९६? त्या नंबरावर तर डोंगरी आहे, तिथं गुरं उभी कशी राहतील? जुन्या पानावर एकाची शेपटी जरा लांब ओढलेली. नंबर १६ होता. पुढं एका ठिकाणी साडेचार एकर पडीताच्या आकड्यातला ठिपका शाईच्या डागाबरोबर गेला होता आणि क्षेत्र पंचेचाळीस एकर झालं होतं. त्यावर इकडचा एक तरुण हळूच म्हणाला, ‘‘राहू द्या ना काकू, आपल्याच फायद्याचं आहे.’’

काकूंनी त्याच्याकडं पाहिलं. ‘‘आज हे ठेवू, आणि उद्या मोजणीत निघालं तं बाकीची पानं कोण खरी मानन रे?’’ आणि त्यांनी ठिपका दिला.

दुपार झाली, तिसरं पान आलं, घडीतली ओळ आली. आता प्रश्न झिजलेल्या दोन शब्दांचा. पोरानं त्या जागेचा जवळून फोटो काढून नव्या प्रोग्रॅमला पुन्हा विचारलं. उत्तर आलं: ‘उन्हाळ्याचे दिवसांत’. इकडच्यांचे चेहरे खुलले. त्यानं तोच फोटो पुन्हा दिला. उत्तर आलं: ‘बारमाही वापरण्याची’. आता तिकडच्यांचे खुलले. दोन्ही वाक्यं शुद्ध, दोन्ही शंभर टक्के पटण्यासारखी. पोरानं मोबाइल पालथा ठेवला.

‘‘याले माहीत नाही,’’ तो म्हणाला. ‘‘हे नुसतं सांगते.’’

‘‘मंग काय लिवाचं?’’ कोणीतरी विचारलं.

‘‘काही नाही लिवाचं. मोकळी जागा सोडाची. ‘येथे कागद झिजला आहे, दोन शब्द वाचता येत नाहीत’, असं चौकटीत.’’

‘‘दाव्यात असं भोक ठेवलं तं साहेब परत नाही करन?’’

हा प्रश्न रास्त होता, आणि उत्तर काकूंनी दिलं. नक्कल ही नक्कल राहू द्यावी, कागदात जे नाही ते तिच्यात घालू नये. जे माणसांना माहीत आहे त्याला वेगळी जागा आहे: दावेदार सोडून गावच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं आणि लिहून घेतलेलं निवेदन वनहक्काच्या नियमांत पुरावा म्हणून चालतं. तेव्हा नकलेत चौकट, आणि तिच्यामागं माणसांचं निवेदन, सांगणाऱ्याच्या अंगठ्यासकट.

सगळे आजीकडं पाहू लागले. तिनं बारमाही म्हटलं असतं तर नाही म्हणायला तिथं कोणाकडं काही नव्हतं. तिच्याच गावचा एक जण मागून कुजबुजला, तेच सांग म्हणून. आजीनं पदर सावरला.

‘‘पावसाळ्यात आमच्याच नाल्याले पाणी राहे, तवा कायले येऊ एवढ्या दूर? होळी झाली का येत होतो. रोहिणी लागेपर्यंत. खोटं कायले सांगू?’’

आबाजी म्हणाले, ‘‘एका सालचं सांगतो. दुकाळ पडला होता, तवा दिवाळीपासूनच येत होते. आम्हीच या म्हटलं होतं. तेबी लिवा.’’

दोन्ही लिहिलं गेलं, जसं सांगितलं तसं. आजीचं वेगळं, आबाजींचं वेगळं. दोघांचं मिळून एक गुळगुळीत वाक्य करायचा मोह पोराला झाला असणार, पण त्यानं केलं नाही. नकलेची सहा पानं पुन्हा टाइप झाली, या वेळी ओळीला ओळ. जुन्या पानावर जिथं ओळ संपते तिथंच नव्या पानावर संपलेली, मागाहून घातलेला मजकूर मागाहून घातलेला म्हणून दाखवलेला, डाग तिथं चौकट. प्रत्येक पानासमोर मूळ पानाचं चित्र जोडलं, म्हणजे ज्याला शंका येईल त्याला मान वळवून पाहता येईल. शिवाय काकूंनी अभिलेख कक्षात नव्या नकलेसाठी अर्ज टाकला. तिथल्या प्रतीवर घडी दुसरीकडं पडली असेल, आणि ते दोन शब्द तिथं शाबूत असतील, अशी आशा होती. दाव्यात बोडीची वाट शेजारच्या गावाच्या नावानिशी आली आणि दोन्ही समित्यांनी त्याखाली सह्या केल्या.

पोरगा यंत्र सोडून बसला असं मात्र नाही, आणि त्यानं सोडावं असं मलाही वाटत नाही. सहा पानं हातानं उतरवता येतात, पण जिल्ह्यातल्या कोतवाल पंज्या, अधिकार अभिलेख, निस्तार पत्रकं हातानं उतरवायला माणसं कुठून आणणार? त्यानं पद्धत बदलली. फोटो आता सकाळच्या उजेडात, पान सपाट करून, घड्या असलेल्या पानाचे दोन: एक समोरून आणि एक तिरप्या प्रकाशात. यंत्राकडून पहिला मसुदा काढून घेतो, पण वाक्यं जुळवून देणारा प्रोग्रॅम नकलेसाठी लावत नाही. ज्या शब्दांवर यंत्राची खात्री कमी असेल ते आपोआप पिवळे होतात, अशी सोय त्यानं एका मित्राकडून करून घेतली. पिवळं नसलेलंही चुकू शकतं, हे त्याला आखरानं शिकवलं होतं. म्हणून सगळे आकडे तो दोनदा वाचतो, एकदा स्वतः आणि एकदा दुसऱ्याकडून मोठ्यानं. पैसे पानामागं घेतो, आणि ते घेताना विचारतो, की ऐकायला कोण येणार आहे?

पुढल्या उन्हाळ्यात देवरीकडून एका ग्रामसभेची माणसं फडक्यातला गठ्ठा घेऊन आली. अर्ज भरायची घाई होती.

‘‘भाऊ, उद्यापर्यंत होते काय?’’

पोरानं गठ्ठा सोडला, वरचं पान उजेडाकडं धरलं, घड्या मोजल्या. मग वही पुढं ओढून लिहायला लागला.

‘‘मसुदा होते. पण पहिले हे सांगा, तुमची शीव कोणाकोणाच्या गावाले लागते?’’